पार्किन्सनच्या गोळीनंतर बाबांना ऑप्शन ट्रेडिंगचं वेड, हे रक्तातलं की गोळीचं?

रावपुराकर

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, तीन पिढ्या इथेच. प्रश्न बाबांबद्दल आहे, जरा लांबेल पण सगळं लिहितो म्हणजे कुणाला नीट सांगता येईल.

बाबा ६४ वर्षांचे, बँकेतून रिटायर. आयुष्यभर एकदम हिशोबी माणूस. आजूबाजूला सगळे गुजराती, रोज संध्याकाळी ओट्यावर शेअरच्या गप्पा चालतात, पण बाबांनी एफडी आणि पोस्ट सोडून कशात रुपया घातला नाही, म्हणायचे मला माझी झोप प्यारी आहे. मग उजव्या हाताला कंप सुरू झाला, पार्किन्सन निघाला. आधी लेव्होडोपा थोडं दिलं, नंतर त्याच्या जोडीला डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल लावलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. हाताला खरंच खूप फरक पडला, सही परत जमायला लागली, सकाळी कमाटीबागेत फिरायला जायला लागले, आम्ही सगळे खूश.

आता दुसरी बाजू. बाबांनी कुणाला न सांगता डीमॅट उघडलं आणि ऑप्शन, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर मुदतीत लावायचे सौदे, खेळायला लागले. आईच्या नावावरची एफडी मोडली तेव्हा घरात कळलं, तोपर्यंत सव्वाचार लाख गेले होते. विचारलं की म्हणतात एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपेल तेव्हा, निघून येतील. मला सगळ्यात भीती कशाची वाटते सांगू का, चाळीस हजार गेले त्या दिवशी मी समोर बसलो होतो आणि चेहऱ्यावर काहीच नाही, ज्या माणसाला लाइट बिल शंभर रुपये जास्त आलं तर जेवण जात नसे तो माणूस शांतपणे दुसरा सौदा टाकत होता. शिवाय रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, डायनिंग टेबलावर पेपर पसरून मिक्सर, जुना रेडिओ, रेग्युलेटर असं काहीही खोलतात, स्क्रू लहानमोठे ओळीने लावतात, वॉशर वेगळे, मग सगळं गोळा करून परत पहिल्यापासून लावतात, जोडत काहीच नाहीत. आणि बाजूला लीलो चिवड्याचं पाकीट, एका बैठकीत अख्खं संपतं.

आई म्हणते हे तुझ्या आजोबांचं रक्त. आजोबा श्रावणात सातम-आठमला पत्त्यांवर बसायचे, एकदा आजीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, तो किस्सा घरात अजून निघतो. बायको म्हणते गोळीचं काहीतरी आहे. मला नेमकं कळत नाहीये, असा स्वभाव जीन्समधून येतो का, की हे मेंदूतल्या केमिकलचं काम? आणि आठवडाभर गोळी बंद करून बघावी का?

वैशाली_निझामपुरा

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. प्रॅमिपेक्सोल मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाची नक्कल करतं, अशा औषधांना अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. या गटातली औषधं झटकन थांबवली तर पॅनिक, घाम, अंगदुखी, भयंकर उदासी असं सगळं येऊ शकतं, त्याला २०१० मधे वेगळं नावही दिलं गेलं, डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट विड्रॉवल सिंड्रोम. आणि लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामाइन बनतं, ते एकदम बंद केलं तर ताप, अंग ताठणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं, जिवावरचं आहे ते. त्यामुळे फोन करून न्यूरोच्या डॉक्टरांची लवकरात लवकरची वेळ घ्या.

मी फिजिऑलॉजी शिकवते, न्यूरोलॉजिस्ट नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते पाठ्यपुस्तकात छापल्यासारखं आहे हो. पार्किन्सनमधे मेंदूच्या खोल भागात, सबस्टॅन्शिया नायग्रात, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. रोगाचं वर्णन जेम्स पार्किन्सनने १८१७ मधेच केलं होतं, पण डोपामाइनचं नातं कळायला १९६० उजाडलं, व्हिएन्नात हॉर्निकिएविझने रुग्णांच्या मेंदूत मृत्यूनंतर डोपामाइन मोजलं तेव्हा. आता गंमत अशी की सगळ्या मेंदूत डोपामाइन सारखं कमी होत नाही. हालचाल सांभाळणारा भाग आधी रिकामा होतो, आणि हवंसं वाटणं, बक्षीस, मोह हे सांभाळणारा भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, तो बराच शाबूत असतो. दोन वाफे आहेत, एक कोरडा पडलाय आणि शेजारचा ओला, पण दोघांना पाणी एकाच पाटाने जातं, कोरड्याला पुरेल इतकं सोडलं की ओल्यात तुंबतं. डोपामाइन पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून काम करतं त्यांना रिसेप्टर म्हणतात, आणि प्रॅमिपेक्सोल तर त्यातल्या डी३ रिसेप्टरला जास्त चिकटतं आणि ते रिसेप्टर नेमके त्या दुसऱ्या भागात दाट असतात.

आकडे हवे असतील तर अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांवर ३,०९० पार्किन्सन रुग्णांना तपासलं होतं, निकाल २०१० मधे आले. एकूण १३.६ टक्के लोकांत जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर लैंगिक वागणं यातलं काहीतरी सापडलं. अ‍ॅगोनिस्ट गोळी घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे ही गोळी घेणाऱ्या दर सहा जणांत एक. हे काही दुर्मिळ नाही, आणि तरी किती घरांत ही गोळी सुरू करताना कुणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

स्क्रू लावणं आणि परत लावणं याला पंडिंग म्हणतात, तेही याच औषधांनी होतं. चिवडाही त्याच यादीत धरा. आणि लैंगिक बाबतीत काही बदल आहे का ते आईंना कुणीतरी बाईमाणसाने हळूच विचारा, लाजेने ते कुणी बोलत नाही आणि डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

मांडवीचा_संजय

माफ करा पण मला हे जरा जास्त सोपं वाटतंय. मी बाजारात वीस-पंचवीस वर्षं आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मधे आकडे दिले होते, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. त्यातल्या कितीजणांना पार्किन्सन होता? माझ्या ओळखीत रिटायर होऊन पीएफचे पैसे आले की महिन्याभरात अ‍ॅप घेणारे डझनभर काका आहेत, वेळ जात नाही, यूट्यूबवर कुणीतरी स्क्रीनशॉट दाखवतो, बस. आणि एकदा का सगळं गोळीवर टाकलं की माणसाची जबाबदारी काही उरत नाही. उद्या कुणीही म्हणेल माझं डोपामाइन चुकलं. आईच्या सहीशिवाय एफडी मोडली कशी हेही बघा जरा.

वैशाली_निझामपुरा

संजयभाई, मुद्दा रास्त आहे, म्हणूनच तारखा बघायच्या असतात. गोळी आधी की नाद आधी, डोस वाढला तसा नाद वाढला का, आणि डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर नाद उतरला का, या तीन गोष्टी जुळल्या तर मग त्याला नुसता स्वभाव म्हणता येत नाही. कोर्टांनीसुद्धा हे मानलंय. फ्रान्समधे २०१२ साली रेनच्या कोर्टाने अशाच एका रुग्णाला, याच गटातलं रोपिनिरोल घेताना जुगारात बुडालेल्या, जवळपास २ लाख युरो भरपाई द्यायला लावली औषध कंपनीला. तिथे हाच प्रश्न होता की आधी हा माणूस असा होता का.

आणि हरल्यावर चेहऱ्यावर काही दिसत नाही हे रावपुराकरांनी लिहिलंय ना, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले, ज्यूस मिळणार अशी खूण शिकवली. शिकल्यावर डोपामाइनच्या पेशी ज्यूस मिळाल्यावर नाही तर खुणेलाच उसळायच्या, आणि खूण होऊन ज्यूस नाही आला तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. ती घसरण म्हणजे मेंदूचा फटका, इथे परत जाऊ नको असं सांगणारा. आता गोळी रिसेप्टरवर दिवसभर बसलेली असेल तर ती घसरण पोचणार कशी? मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मधे पार्किन्सनच्या रुग्णांना बरोबर-चूक निवडायचा खेळ दिला, औषध चालू असताना ते जिंकण्यातून जास्त शिकले आणि औषध बंद असताना हरण्यातून. तुमचे बाबा निगरगट्ट झालेले नाहीत. चाळीस हजारांचा फटका त्यांना लागतच नसावा.

स्नेहा_इंदूर

मी इंदूरची, लोकमान्य नगर. मला पार्किन्सन वगैरे काही नाही, पण हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझं प्रोलॅक्टिन हॉर्मोन खूप वाढलं होतं, पाळी बंद, एमआरआयमधे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत छोटीशी गाठ निघाली, साधी होती. त्यावर कॅबरगोलिन देतात, आठवड्यातून दोनदा. तीही डोपामाइनसारखीच काम करणारी गोळी, कारण पिट्यूटरीतून प्रोलॅक्टिन किती सोडायचं त्यावर लगाम डोपामाइनचाच असतो.

हॉर्मोन छान खाली आलं, पाळी सुरू झाली. आणि मी रात्री तीन वाजता साड्या मागवायला लागले. माहेश्वरी, चंदेरी, आमच्याकडे दुकानांची काय कमी आहे, पण मोबाइलवरून, एकाच डिझाइनच्या तीन रंगांत. पार्सलं न उघडता दिवाणाच्या पोटात. आनंद व्हायचा असंही नाही, बटण दाबायच्या आधीचा तो जो क्षण असतो ना तेवढाच हवा असायचा, पार्सल आलं की त्यात काडीचा रस नसायचा. नवऱ्याला वाटलं मी त्याच्यावर राग काढतेय. शेवटी एंडोक्राइनच्या, म्हणजे हॉर्मोनच्या, डॉक्टरांनीच सहज विचारलं, काही खरेदी-बिरेदी वाढलीय का, आणि मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी डोस बदलला, थोड्या महिन्यांत ओढ ओसरली. मी तीच बाई आहे, आधीही आणि नंतरही. संजयदादा, जबाबदारी मी टाळली नाही, पैसे मीच भरले, पण मला कुणी उधळी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

वैद्यकट्टा

रावपुराकर, या ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी असंच होतं. कवचबीजाचं चूर्ण दुधातून द्या, कंपवातावर पूर्वापार चालत आलेलं आहे, नैसर्गिक आहे, काही साइड इफेक्ट नाही.

वैशाली_निझामपुरा

कवचबीजाला नावं ठेवणार नाही, उलट त्यात खरंच औषध आहे, अडचण तीच आहे. १९३७ मधे दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी त्या बियांतून एल-डोपा वेगळा काढून दाखवला होता, म्हणजे लेव्होडोपाच. बाबा आधीच लेव्होडोपा घेतायत, वरून किती जातंय ते माहीत नसलेलं चूर्ण दिलं तर डोस वाढला, कमी कुठे झाला? द्यायचंच असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना सांगून, लपवून नको.

रावपुराकर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो. वैशालीताई, तुम्ही म्हणालात तसं प्रिस्क्रिप्शनची फाइल काढून डीमॅटच्या स्टेटमेंटशेजारी ठेवली. प्रॅमिपेक्सोल गणपतीच्या सुमारास सुरू, डोस नवरात्रात वाढवला, डीमॅट दिवाळीनंतर उघडलंय. जानेवारीत परत डोस वाढला आणि मोठे सौदे सगळे त्यानंतरचे. त्याआधी एक सौदा नाही, एक लॉटरीचं तिकीट नाही. संजयभाई, एफडीवर आईचं नाव असलं तरी ती जॉइंट होती, बाबांनी एकट्याने मोडली, आईला तेही माहीत नव्हतं.

आईला हे दाखवलं तर ती गप्प झाली, पण मग म्हणाली की तरी आजोबांचं काहीतरी असणारच, नाहीतर बाकी पार्किन्सनवाले का नाही असे करत. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा आला, कारण रक्तात असेल तर मग मी पण त्याच रक्ताचा आणि माझा मुलगा पण.

वैशाली_निझामपुरा

तुमच्या आई बरोबर बोलल्यात, अर्ध्या. त्या ३,०९० जणांच्या अभ्यासात कुणाला हा त्रास जास्त झाला हेही पाहिलं होतं. वय कमी असणं, अविवाहित असणं, सिगरेट, आणि घरात आधी कुणाला जुगाराचा नाद असणं. तेव्हा आजोबा या गोष्टीत आहेत. नुसत्या आजोबांच्या रक्ताने बाबांना इतकी वर्षं काही झालं नाही, आणि तीच गोळी घेणाऱ्या सहातल्या पाचांनाही काही होत नाही, दोन्ही एकत्र आल्यावर झालं असावं. आजोबांचा नाद तरी नुसता जीन्सचा होता की श्रावणात अख्खी पोळ, म्हणजे गल्ली, पत्ते घेऊन बसायची म्हणून होता, ते आता कोण सांगणार.

जीन्सबद्दल लोक टक्के सांगतात ते नीट समजून घ्या. २०१५ मधे जुळ्यांवरचे पन्नासेक वर्षांतले २,७४८ पेपर एकत्र करून हिशोब केला गेला, सगळ्या गुणांची सरासरी काढली तर आनुवंशिकता ४९ टक्के आली. जुगाराच्या नादाचा आकडाही जुळ्यांच्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास येतो. पण याचा अर्थ तुमचा निम्मा स्वभाव आजोबांनी ठरवला असा होत नाही. लोकांमधे जो फरक दिसतो त्यातला किती वाटा जीन्समधल्या फरकांशी जोडता येतो एवढंच तो आकडा सांगतो, एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि जुगाराचा जीन असं एकटं काही नसतं. एका जीनवरून स्वभाव सांगणारे दावे मधे फार गाजले होते, सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या एका जीनमुळे ताणाखाली डिप्रेशन जास्त येतं असं २००३ मधे आलं, सगळीकडे छापलं गेलं, पुढे २०१९ मधे लाखो लोकांचा डेटा घेऊन तपासलं तर टिकलं नाही. शेकडो-हजारो जीन्स, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यात तुमचं आजोबांशी नातं पाव हिश्शाचं, मुलाचं आठव्या. मुलाकडे बघून घाबरू नका दादा, त्याच्यात आजोबा शोधत बसलात तर त्यालाच ते जड जाईल.

फक्त एक करा, पुढे कधी तुम्हाला किंवा त्याला या गटातली गोळी लागली, पार्किन्सनलाच असं नाही, रात्री पाय वळवळतात त्यालाही हीच देतात, तर घरातला हा इतिहास डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

मांडवीचा_संजय

तारखा बघितल्या. पटलं. बाजारातल्या माणसाच्या नजरेने एक सांगतो, सेबीच्या नियमाने जुलै २०२४ पासून ब्रोकरकडे स्वतःचं ट्रेडिंग अकाउंट स्वतः फ्रीझ करायची सोय आहे, बाबांनी स्वतः रिक्वेस्ट टाकावी लागेल. ते तयार नसतील तर निदान एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनचा, सेगमेंट बंद करायला तयार करा, बहुतेक अ‍ॅपमधे होतं. आधी उघड्या पोझिशन, म्हणजे अजून न मिटवलेले सौदे, काय आहेत ते बघून घ्या, नाहीतर एक्स्पायरीला वेगळाच घोळ. हवं तर मला मेसेज करा, मी येऊन बसतो त्यांच्याबरोबर, बाजाराची भाषा त्यांच्याशी बोलली तर कदाचित ऐकतील.

अनघा_सुभानपुरा

आमच्याकडे ह्यांना रोपिनिरोल होतं, ह्यांचा नाद फोनवरच्या गेम्समधे पैसे घालायचा होता, म्हणून दोन शब्द.

डॉक्टर बहुतेक करून ही गोळी हळूहळू उतरवतात आणि गरज पडली तर लेव्होडोपा वाढवतात, आमचं तसंच झालं. उतरवतानाचे आठवडे कठीण जातात, चिडचिड, झोप नाही, हाताचा कंप परत थोडा दिसतो आणि माणूस म्हणतो बघा तुम्ही माझी चांगली गोळी काढली. तेव्हा घरात कुणीतरी एक जण ठरवून शांत राहिलं पाहिजे. फार उदास वाटले तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

अपॉइंटमेंटला बाबा एकटे जाऊ देऊ नका, आईंना न्याच. ह्यांना डॉक्टरांनी विचारलं होतं काही त्रास, तर हे म्हणाले काही नाही, मस्त आहे, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच मस्त वाटत होतं. मी कागदावर लिहून नेलं होतं, कधीपासून काय, किती पैसे, रात्री किती वाजेपर्यंत जागरण.

पैशाचं गोळी उतरेपर्यंत थांबू नका. ज्या एफडी राहिल्यात त्यांचं ऑपरेशन बँकेत जाऊन दोघांच्या सहीने करून घ्या, यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. बाबांना सांगूनच करा हे सगळं. लपवलं तर ते बँकेतले आहेत, त्यांना एका दिवसात कळेल, आणि मग विश्वास जातो तो वेगळाच. मी ह्यांना असं म्हटलं होतं की डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपर्यंत चेकबुक माझ्याकडे, त्यानंतर परत बोलू. मुदत दिली की माणसाला अपमान वाटत नाही.

रावपुराकर

अनघाताई, हे वाचून आईला फार धीर आला, तिने तुमचं दोनदा वाचून घेतलं. बुधवारची वेळ मिळालीय, आई आणि मी दोघं जातोय, फाइल आणि स्टेटमेंट घेऊन. संजयभाई, शनिवारी संध्याकाळी जमेल का तुम्हाला? बाबांना सांगितलंय की बाजारातले एक जुने जाणकार येतायत, तर म्हणाले येऊ दे, बँक निफ्टीबद्दल त्यांना विचारायचंच आहे.

मांडवीचा_संजय

येतो. साडेसहानंतर. पोझिशन सगळ्या दाखवायला सांगा त्यांना, विचारणार काही नाही, नुसतं बघतो आधी.